गच्चीवर ‘सिटी हंटर’ : पहिली संध्याकाळ कशी लावायची

‘सिटी हंटर’ ही जपानी अॅनिमेशन मालिका मोबाइलवर एकट्यानं लावून पहिल्या दहा मिनिटांत सोडून देणारे बरेच भेटतात. नायक बायकांच्या मागं लाळ गाळत फिरताना दिसतो, ते कंटाळतात आणि बंद करतात. दोष त्यांचा नाही. या मालिकेचा सगळा जीव एका सांध्यात आहे. पाचकळपणा ऐन रंगात आलेला असतो, तेवढ्यात नायकाचा आवाज खाली उतरतो, तोंडावरच्या रेषा कमी आणि धारदार होतात, आणि आत्तापर्यंत जो येडपट वाटत होता त्याच्यावर आपण जीव टाकायला तयार होतो. हा सांधा चार माणसांत, मोठ्या पडद्यावर, धड आवाजात बघितला तरच अंगावर येतो. खालची सगळी मांडामांड त्या एका गोष्टीसाठी आहे.

ओळख थोडक्यात करून द्यावी, भाषण नको. त्सुकासा होजो यांची चित्रकथा ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात १९८५ ते १९९१ चालली. त्यावरची सनराइज स्टुडिओची मालिका ६ एप्रिल १९८७ ला जपानी टीव्हीवर सुरू झाली. दिग्दर्शक केंजी कोदामा. ‘डिटेक्टिव्ह कोनान’ या अॅनिमेशन मालिकेची सुरुवातही पुढं त्यांनीच करून दिली. चार पर्वांचे मिळून १४० भाग आहेत : ५१, ६३, १३ आणि १३. नायक र्यो साएबा हा टोकियोच्या शिंजुकू भागातला खासगी गुप्तहेर, अंगरक्षक, वेळ पडली तर बंदूकबाज. स्वतःला तो ‘स्वीपर’ म्हणवतो, म्हणजे शहरातली घाण झाडणारा. पॉइंट ३५७ मॅग्नमचं कोल्ट पायथन रिव्हॉल्व्हर आणि छोटी लाल मिनी गाडी, एवढा त्याचा जामानिमा.

एक गोष्ट मात्र आधीच स्वच्छ सांगा. र्योचा लंपटपणा हा यातल्या विनोदाचा मोठा भाग आहे, आणि १९८७ साली जे खपलं त्यातलं काही आज खटकतं. ‘मोक्कोरी’ हा शब्द वारंवार येतो आणि त्याचा अर्थ घरच्या मंडळींपुढं सांगण्यासारखा नाही. त्यामुळं लहान पोरं, आजी-आजोबा असा सगळा गोतावळा बोलावू नका. सोळा वर्षांच्या पुढचे आठ-दहा जण पुरेत. त्याच्या चाळ्यांवर काओरी नावाची मुलगी शंभर टनांचा हातोडा घालते, आणि मालिका त्या हातोड्याच्या बाजूनं उभी असते, हेही सांगून ठेवा. म्हणजे पहिल्याच चाळ्याला कुणी उठून जात नाही.

भाग कोणते लावायचे, याला आमच्या लेखी पडद्यापेक्षा जास्त महत्त्व आहे. पहिल्या संध्याकाळी पहिल्या पर्वातले १, ३, ५ आणि ६, याच क्रमानं. पहिला भाग जग उभं करतो. तिसरा बॉक्सिंगच्या रिंगणाभोवतीचा आहे, त्यात मालिकेचा हळवा बाजही कळतो. यानंतर पंधरा मिनिटांची सुट्टी. मग पाचवा. या भागात मालिकेची घडीच बदलते. तोवर र्योचा जोडीदार असतो हिदेयुकी माकिमुरा, काओरीचा मोठा भाऊ. पाचव्यानंतर काओरी जोडीदार होते. मधे काय घडतं ते कुणी आधी फोडायचं नाही. आणि इथं एक हमखास चूक होते : भागांची यादी पडद्यावर दिसत असताना रिमोट फिरवला जातो, आणि पाचव्याचं नुसतं नाव वाचूनच सगळं कळतं. यादी उघडायची असेल तर प्रोजेक्टरच्या भिंगावर टोपण ठेवा किंवा रिमोटवरचं ‘ब्लँक’चं बटण दाबा.

पाचवा संपल्यावर दिवे लावू नका, सुट्टीही नको. दोन मिनिटं अंधार राहू द्या, मग सहावा. त्यात हसू परत येतं, पण ते आता वेगळं हसू असतं. काओरीनं उचललेला हातोडा आपल्याला निराळा दिसायला लागतो. पाचव्यावरच कार्यक्रम थांबवला तर लोक जड मनानं जातात आणि त्यांना वाटतं मालिका पुढं अशीच असणार. सहाव्यानं तोल सावरतो.

प्रत्येक भाग साधारण २५ मिनिटांचा. चार भागांचे १०० मिनिट, सुट्टी धरून दोन तास. कोल्हापुरात डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो, मे महिन्यात सातच्या आसपास. बुडाल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या. साध्या घरगुती प्रोजेक्टरला संधिप्रकाशही जड जातो, आणि शिंजुकूची रात्र निळी न दिसता राखाडी दिसते. थंडीत पावणेसातला, उन्हाळ्यात साडेसातला सुरू केलं की दहाच्या आत आटोपतं. रात्री दहानंतर स्पीकर लावायला बंदी आहे, आणि चार घरं सोडून झोपलेल्यांना हातोड्याचा आवाज गोड लागत नाही. जून ते सप्टेंबर गच्चीचा नाद सोडा, हॉलमधल्या भिंतीवर करा.

आता पडदा. ज्या गावात १९१७ साली बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, तिथं पडद्याच्या कामात हयगय नको. पाण्याच्या टाकीची पांढरी भिंत दिसायला सोयीची, पण गिलाव्याचे खडे नेमके चेहऱ्यांवर उमटतात. ९० बाय १०८ इंचाची, मधे शिवण नसलेली पांढरी डबलबेडची चादर बरी. आडवी लावायची. कपडे वाळत घालायच्या दोरीवर टाकली तर मधे झोळ पडतो आणि माणसं कमरेत वाकलेली दिसतात. वरच्या काठाला चार इंचाची नेफ्यासारखी शिवण घालून त्यातून सरळ बांबू सरकवा. खालच्या काठात वाळू भरलेला अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप. रात्री वारं सुटतं, तेव्हा खालची टोकं विटांना बांधताना सुतळीऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी वापरा. झटका ती खाते, चादर फाटत नाही. चादर पातळ असेल तर मागून काळं कापड लावा, नाहीतर निम्मा उजेड आरपार जाऊन पलीकडच्या गच्चीवर पडतो.

चित्राच्या मापात बहुतेक जण चुकतात. ही मालिका जुन्या टीव्हीच्या चौकटीची आहे, ४:३. प्रोजेक्टर मात्र १६:९ चा असतो, त्यामुळं दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात आणि ते तसेच राहिले पाहिजेत. ‘फुल’ किंवा ‘स्ट्रेच’ केलं की र्यो बुटका आणि जाडा होतो. ‘झूम’ केलं की वरून कपाळ आणि खालून सबटायटल कापलं जातं. चादरीवर ८० इंच रुंद आणि ६० इंच उंच चित्र हवं असेल, तर प्रोजेक्टरचं अंतर ८० वरून काढायचं नाही. पट्ट्यांसकट पूर्ण चौकट १०७ इंच रुंद होते. थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चौकटीची रुंदी) १.३ असेल, तर १०७ गुणिले १.३ म्हणजे १३९ इंच, साडेअकरा फूट. ८० धरून पावणेनऊ फुटांवर मांडलात तर उंची ४५ इंचच भरते. मग ऐनवेळी सगळी सतरंजी उचलून मागं सरका.

चित्राचा खालचा काठ जमिनीपासून साडेतीन फूट वर ठेवा. सतरंजीवर बसलेल्या माणसाचं डोकं तीन फुटांपर्यंत येतं, आणि सबटायटल तळाशी असतात. टीव्हीवर दाखवणार असाल तर ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. हातानं काढलेल्या अशा टीव्ही मालिकेत सेकंदाला साधारण आठ ते बारा चित्रंच असतात. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घुसवतो आणि मारामारी तेलात बुडाल्यासारखी गुळगुळीत होते. रंगांसाठी ‘व्हिविड’ नको, ‘सिनेमा’ ठेवा.

आवाज मूळ जपानीच, सबटायटलसह. यावर तडजोड करू नका. र्योला आवाज दिलाय अकिरा कामिया यांनी. आधीच्या वर्षांत त्यांनीच ‘किन्निकुमान’मधला विनोदी पैलवान आणि ‘फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार’मधला गंभीर, मितभाषी केन्शिरो केला होता. र्योमध्ये हे दोन्ही गळे एकाच वाक्यात येतात. पहिल्या भागात डोळे मिटून दोन मिनिटं नुसतं ऐकायला सांगा, सांधा कानाला कळतो. काओरीचा आवाज काझुए इकुरा यांचा, तोही तितकाच लक्ष देऊन ऐकण्यासारखा.

ब्लूटूथ स्पीकर लावू नका. आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा मागं राहतो. गप्पांत ते कळत नाही, पण हातोडा डोक्यावर पडून चेहरा चपटा झाल्यावर जर ‘धाड’ आलं तर विनोद मेला म्हणून समजा. साधी साडेतीन मिलिमीटरची ऑक्स वायर घ्या, पाच मीटरची. स्पीकर पडद्याखाली, प्रोजेक्टरशेजारी नाही. आवाज प्रेक्षकांच्या मागून आला की डोकं सतत वळतं.

शेवटच्या गाण्यासाठी एक माणूस मुद्दाम नेमा. पहिल्या पर्वाचं शेवटचं गाणं ‘गेट वाइल्ड’, टीएम नेटवर्कचं, संगीत तेत्सुया कोमुरो यांचं. ते भाग संपल्यावर सुरू होत नाही. शेवटचा प्रसंग अजून चालू असतो, कुणी निरोप घेत असतं, र्यो पाठमोरा निघालेला असतो, आणि संवादांखालून सुरावट वर यायला लागते. मग चित्र थिजतं आणि नावं सरकू लागतात. जपानात आजही लोक ऑफिसातून बाहेर पडताना हे गाणं कानात लावतात, ते या जागेमुळं. आणि नेमकं इथंच स्ट्रीमिंगचं अॅप चित्र कोपऱ्यात लहान करतं आणि पाच सेकंदांत पुढचा भाग सुरू करतं. आदल्या दिवशीच प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा. काही अॅपमध्ये ते बंद करूनही चित्र आक्रसतं. तेव्हा नेमलेल्या माणसानं लगेच ‘क्रेडिट पाहा’ दाबायचं. रिमोट त्याच्याच हातात, भडंगाचा वाडगा दुसऱ्याच्या. (भडंग सुट्टीतच वाटा. पाचव्या भागात कुरकुर नको.)

पायऱ्यांच्या तोंडाशी एक फळा ठेवा, त्यानं माहोल तयार होतो. र्योला काम द्यायचं असेल तर शिंजुकू स्टेशनवरच्या निरोपाच्या फळ्यावर खडूनं ‘एक्सवायझेड’ लिहायचं. इंग्रजी मुळाक्षरांतली शेवटची तीन. यापुढं अक्षर नाही, म्हणजे आता दुसरा मार्ग उरला नाही. मोबाइलच्या आधी जपानी स्टेशनांवर असे फळे खरोखर असायचे. कोल्हापुरात हे समजावून सांगावं लागत नाही, आपल्या पेठांत तालमीच्या, मंडळाच्या फळ्यावर चौकाची खबर आजही वाचली जाते. ४ बाय ३ फुटांचा प्लायवूड घासून त्याला फळ्याच्या रंगाचे दोन हात द्या, मधे एक दिवस जाऊ द्या. लिहिण्याआधी खडू आडवा धरून अख्ख्या फळ्यावर घासा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. हे केलं नाही तर पहिली अक्षरं कायमची उमटून राहतात. आलेल्यांनी आपलं नाव आणि पुढच्या वेळी काय बघायचं ते त्यावर लिहायचं.

तिकीट लावू नका, चौकात जाहीर कार्यक्रमही नको. त्याला हक्कधारकांची परवानगी लागते. भाग अधिकृत सेवेवरून किंवा डिस्कवरूनच घ्या आणि हे घरगुती ठेवा.

पुढच्या संध्याकाळी दुसऱ्या पर्वाकडं जा. त्यात दोन भागांच्या कथा बऱ्याच आहेत, म्हणून भागांची संख्या ठरवताना पूर्वार्ध आणि उत्तरार्ध तुटत नाहीत ना ते आधी बघा. उमिबोझु असलेली एक कथा घ्याच. खांद्यावर बझूका टाकून फिरणारा हा अजस्र टकल्या गडी मांजराच्या पिल्लाला बघून थरथर कापतो. तालमीत वाढलेल्या प्रेक्षकांना तो र्योपेक्षा लवकर आवडतो, तेव्हा त्याचा भाग सुट्टीनंतर ठेवा, आधी नको.