नसलेल्या पायातील वेदना आणि आरशाचा उपचार : घरी कसा करावा

पाय गुडघ्याखाली कापलेला असतो, जखमही भरून आलेली असते, आणि तरीही रात्री नसलेल्या अंगठ्यातून कळा येतात, पाऊल कुणी पिळून धरल्यासारखे वाटते. हिला फँटम वेदना म्हणतात आणि हात किंवा पाय गमावलेल्या बहुतेकांना ती कमीअधिक प्रमाणात होते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे आणि बाहेरची बाधा तर मुळीच नव्हे. कापलेल्या मज्जातंतूंची टोके चुकीचे संदेश पाठवत राहतात, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू ते वाढवून पुढे नेतो आणि मेंदूत त्या पायाची जागा अजून राखलेली असते, म्हणून पाय दुखतो. ‘लक्ष देऊ नका, सवय होईल’ हा सल्ला मी असंख्य रुग्णांच्या तोंडून ऐकला आहे आणि त्याने कुणाचीही वेदना कमी झालेली पाहिलेली नाही.

प्रथम दुखणे नेमके कुठे आहे ते ठरवावे. स्टंप, म्हणजे उरलेला भाग, दुखत असेल तर कारण तिथेच शोधावे लागते : पू, न भरलेली जखम, कृत्रिम पायाचे घट्ट किंवा सैल सॉकेट (ज्या खोबणीत स्टंप बसतो ती), किंवा मज्जातंतूच्या टोकाला आलेली गाठ, जिच्यावर बोटाने हलके टकटक केले तरी विजेसारखी चमक उठते. ही तपासणी शल्यविशारदाकडून किंवा पुनर्वसन केंद्रातून करून घ्यावी. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था याच कामासाठी आहे. नसलेल्या भागात मुंग्या येणे किंवा तो भाग आहेसे वाटणे, पण दुखणे नसणे, याला उपचार लागत नाही.

औषधांबाबत थोडेच सांगतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यावर सहसा फारसा उपयोग होत नाही. डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अॅमिट्रिप्टिलीन देतात, ती त्यांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्यावीत आणि मनाने एकदम बंद करू नयेत. मधुमेहामुळे पाय गेला असेल तर स्टंपला गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. तिथली संवेदना कमी झालेली असते आणि कातडी भाजल्याचे फोड येईपर्यंत कळत नाही.

आता आरसा. त्यात चांगल्या पायाचे प्रतिबिंब नसलेल्या पायाच्या जागी दिसते. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात ही पद्धत पुढे आणली आणि 2007 साली अमेरिकी सैनिकांवरील एका छोट्या अभ्यासात रोज 15 मिनिटे, चार आठवडे आरसा वापरणाऱ्यांची वेदना कमी झाली. आरसा झाकून तोच व्यायाम करणाऱ्यांपैकी बहुतेकांची झाली नाही. प्रत्येकाला गुण येतोच असे नाही, परंतु खर्च फक्त आरशाचा आहे. आरसा मांडीपासून पावलापर्यंत पुरेल इतका लांब आणि सपाट असावा, कडांना पट्टी लावलेली असावी. पलंगावर पाय पसरून बसावे, कृत्रिम पाय काढून ठेवावा, आरसा दोन्ही पायांच्या मध्ये उभा धरून त्याची चकचकीत बाजू चांगल्या पायाकडे करावी आणि स्टंप त्यामागे पूर्ण झाकला जाईल असे पाहावे. पैंजण, जोडवी, मोजा काढावा.

इथून पुढचा टप्पाच बहुतेक घरांत बिघडतो. लोक आरसा लावतात आणि लगेच चांगला पाय जोरजोरात हलवू लागतात. नसलेला पाय मात्र रुग्णाला आखडलेला, बोटे आत वळलेला जाणवत असतो, आणि आरशात तोच पाय मोकळेपणाने नाचताना दिसतो. डोळे एक सांगतात, अंग दुसरेच सांगते. अशा वेळी वेदना उलट वाढू शकते आणि ‘आम्ही करून पाहिले, काही उपयोग नाही’ असे म्हणून आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला जातो.

म्हणून आरशात पाहण्याआधी रुग्णाने डोळे मिटावेत आणि घरच्यांनी शांतपणे विचारावे : पाऊल आत्ता कुठे जाणवते, बोटे उघडी आहेत की वळलेली, घोटा कोणत्या बाजूला वळला आहे? जे उत्तर येईल, अगदी तशीच स्थिती चांगल्या पायाला द्यावी, मग ती कितीही विचित्र असो. त्यानंतरच डोळे उघडून केवळ प्रतिबिंबाकडे पाहावे आणि ‘हा माझाच पाय’ असे वाटेपर्यंत काहीही हलवू नये. याला पहिल्या दिवशी सगळा वेळ गेला तरी चालेल. मग वळलेली बोटे अगदी थोडी उघडावीत, तेवढ्याच संथ गतीने नसलेली बोटेही मनाने उघडावीत, आणि नसलेला पाय जिथे अडेल तिथेच चांगला पायही थांबवावा. पुढे घोटा वरखाली करणे, कापसाने तळवा पुसणे अशी वाढ करता येते. वेग रुग्णाच्या नसलेल्या पायाने ठरवायचा. व्यायाम सांगणाऱ्याने नव्हे, याबाबत मी कोणाचेही ऐकत नाही.

काहींना पाऊल गुडघ्याजवळच, आखूड झाल्यासारखे जाणवते. त्यांना आरशातला पूर्ण लांबीचा पाय पटायला वेळ लागतो आणि गुणही कमी येऊ शकतो. दोन्ही पाय अखंड दिसताच रुग्णाला रडू येऊ शकते. तेव्हा आरसा हलकेच बाजूला करावा, जवळ बसावे, समजावणी देऊ नये. सत्र त्या दिवशी संपवावे, उपचार नव्हे. चक्कर, मळमळ आली किंवा वेदना वाढून टिकली, तर थांबून पाच मिनिटांच्या छोट्या सत्रांवर यावे.

दोन्ही पाय गेलेल्यांना हा आरसा वापरता येत नाही. त्यांनी फिजिओथेरपिस्टकडून दुसरी पद्धत शिकावी. आणि कित्येक वर्षे शांत असलेली वेदना अचानक नव्याने सुरू झाली, तर आरसा पुन्हा वापरायला घेण्यापूर्वी स्टंप आणि कंबर तपासून घ्यावी.