ऐरोलीच्या गच्चीवर हवेचा नमुना घेण्यापूर्वी

हवेतील अमोनिया, आम्ल वायू आणि त्यांच्यापासून बनणारे सूक्ष्म कण मोजण्यासाठी हिवाळी नमुने घेण्यापूर्वी यंत्राआधी जागा पाहावी. ऐरोलीच्या एका अंगाला ठाणे खाडी आणि दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा असल्याने समुद्री मीठ आणि धुराड्यांतून सुटलेल्या सल्फर डायऑक्साइडपासून बनलेले सल्फेट एकाच फिल्टरवर जमते; म्हणून सोडियमही मोजावे लागते, कारण त्याच्या सुमारे ०.२५ पट सल्फेट समुद्राचे धरून वजा केल्यावरच उरलेल्याचा उगम शोधता येतो. गच्चीवर कबुतरांचा मुक्काम असेल तर दुसरी गच्ची पाहिलेली बरी, कारण त्यांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो.

सर्वांत जास्त वेळ डिन्यूडरला, म्हणजे हवा फिल्टरपर्यंत पोहोचण्याआधी तिच्यातील वायू शोषून घेणाऱ्या लेपाच्या नळ्यांना, द्यावा. सोडियम कार्बोनेटचा लेप दिलेली नळी नायट्रिक आम्ल, हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड शोषते, तर सायट्रिक आम्लाची नळी अमोनिया शोषते. दोन्ही लेप ताजे असावेत, अमोनियाविरहित हवेत वाळवावेत आणि नळ्यांची तोंडे लगेच टोपणांनी बंद करावीत. लेप देण्याच्या खोलीत अमोनियायुक्त काचसफाईचा द्रव वापरू नये, ही सूचना सफाई कर्मचाऱ्यांनाही आधीच द्यावी. नळ्यांमागे टेफ्लॉन फिल्टर, त्यामागे नायलॉनचा आणि शेवटी सायट्रिक आम्लात भिजवून वाळवलेला फिल्टर असा क्रम ठेवावा, कारण टेफ्लॉनवर जमलेले अमोनियम नायट्रेट दुपारच्या उन्हात पुन्हा अमोनिया व नायट्रिक आम्ल होऊन उडून जाते आणि मागचे फिल्टर नसतील तर नायट्रेट प्रत्यक्षाहून कमी भरते. नायट्रोजन डायऑक्साइड या नळ्यांत नीट सापडत नाही. त्याची सोय वेगळी करावी.

पंपाचा प्रवाह मिनिटाला १६.६७ लिटर ठेवावा, म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर हवा ओढली जाते. गळती आणि प्रवाह सुरुवातीस व अखेरीस तपासावा. हवा न ओढता नेऊन आणलेले कोरे फिल्टरही सोबत असावेत, आणि सर्व फिल्टर हातमोजे घालूनच हाताळून बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत न्यावेत, जेथे आयन क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे विरघळलेले आयन वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने, विश्लेषण होईल.

अमोनियाची २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम इतकी सैल आहे की मोजमाप तिच्या आत बसले म्हणून कण बनत नाहीत असे मानू नये. नोंदवहीत वारा, तापमान, आर्द्रता, वीज गेल्याची वेळ आणि वॉचमनची शेकोटी, सारे लिहावे. लाकडाच्या धुरात पोटॅशियम असते, म्हणून ते अचानक वाढलेले दिसले की पहिली शंका शेकोटीवरच घ्यावी लागते.