आईच्या औषधामागे चार वर्षं

लग्नाच्या शूटिंगवर पोट असलेला माणूस माहितीपट करायला निघाला की लोक आधी विचारतात, "पैसे कोण देतंय?" कोणी देत नाही. माझ्या चार वर्षांचा खर्च तुळशीच्या लग्नापासून मे अखेरपर्यंतच्या सीझनमधून निघाला. स्वतःचं शूटिंग मग पावसाळ्यात. म्हणून माझ्या फिल्ममध्ये सगळीकडे चिखल आहे.

आईला २०१६ साली स्तनाचा कॅन्सर निघाला. गाठ लहान होती, पसरलेली नव्हती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. आईने आठ महिने एका बुवांचं झाडपाल्याचं औषध घेतलं, आणि ऑपरेशनची वेळ निघून गेली. तिच्या वर्षश्राद्धानंतर पंधरा दिवसांनी मी त्या बुवांच्या अंगणात कॅमेरा लावला.

अशा विषयावर काम करू पाहणारी मुलंमुली आता मला भेटतात. बहुतेकांच्या घरात असंच काहीतरी घडलेलं असतं. त्यांना मी आधी माझं पहिल्या तीन महिन्यांचं फुटेज दाखवतो. चाळीस तासांचं आहे, त्यातली दीड मिनिटं फिल्ममध्ये आली. बाकी सगळीकडे कॅमेऱ्यामागून माझाच आवाज येतो: "रिपोर्ट बघितले होते का? डिग्री काय तुमची?" बुवा हात जोडून गप्प. रांगेतले पेशंट माझ्याकडे असे बघतायत की मी चपला घालून गाभाऱ्यात शिरलोय. मला माहितीपट करायचाच नव्हता, भांडायचं होतं. भांडायचं असेल तर खुशाल भांडा, पण त्यासाठी मेमरी कार्ड भरू नका.

मग सहा महिने कॅमेरा बॅगेत ठेवला आणि वाचत बसलो. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टिन ही केमोथेरपीची औषधं मिळतात. सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, नावाप्रमाणेच घाण वासाचं. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं आणि त्यावरून टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं निघाली. त्यामुळे 'झाडपाल्यात काय असतं' असं म्हणून आपली सुटका होत नाही. पण सदाफुलीच्या पानांत हे द्रव्य अगदी नखभर. ते वेगळं काढून, शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात, आणि व्हिन्क्रिस्टीन चुकून मणक्यात टोचलं गेलं तर माणूस दगावतो. बुवा पानं मुठीने मोजायचे. हा फरक मला कळला तेव्हा माझे प्रश्न बदलले. "तुम्ही खोटं बोलता का?" याऐवजी मी विचारू लागलो, "एका बाटलीला किती पाला लागतो? उन्हाळ्यात कमी पडला तर काय करता?" त्यावर बुवा तासभर बोलले. स्वतःहून.

त्याच सुमारास येल विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ चा अभ्यास वाचला. कॅन्सर पसरलेला नसताना फक्त पर्यायी उपचार निवडलेले अमेरिकेतले २८१ रुग्ण घेऊन त्यांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केलेली. मृत्यूचा धोका अडीच पट, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. तो आकडा फिल्ममध्ये घालायला मला दोन वर्षं लागली. कुठंही घातला तरी तो आईवर ओरडल्यासारखा वाटायचा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा १९५४ चा आहे, आणि त्याच्या यादीत कॅन्सर, मधुमेह आहेत. पण तो जाहिरातीला लागतो. बुवांची जाहिरात तोंडोतोंडी. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणाऱ्याला पकडतो. काढ्याची बाटली त्यात बसवणं अवघड. अन्न व औषध प्रशासनाने कुठल्या तक्रारीवर काय केलं हे हवं असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. नाव घेऊन आरोप करायचा तर कागद हातात पाहिजे, नाहीतर बदनामीचा खटला आपल्यावर. माझ्याकडे कागद नव्हता, म्हणून बुवांचं नाव, गाव, पाटी यातलं काहीच फिल्ममध्ये नाही. बी.ए.एम.एस. झालेल्या वैद्यांना आणि अंगणात बाटल्या भरणाऱ्याला एका पोत्यात घालू नका, एवढंही लक्षात ठेवा.

पेशंटची परवानगी एकदा घेऊन भागत नाही. मी तीनदा विचारतो: शूटिंगआधी, शूटिंगनंतर, आणि एडिट दाखवून. फॉर्म मराठीत, एका पानाचा, वाचून दाखवायचा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे पेशंट उतरतात. तिथं भेटलेल्या एका बाईंनी दोनदा हो म्हटलं आणि तिसऱ्यांदा नाही. सगळ्यात चांगली मुलाखत त्यांचीच होती. काढून टाकली.

आता मामा. बुवांचा पत्ता त्याने आणला, दर पंधरा दिवसांनी पहाटे तीनला जाऊन नंबर त्याने लावला. आई गेल्यावर दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. घरच्या माणसाची मुलाखत सगळ्यात शेवटी घ्या, कारण तोवर तुम्ही थोडे शहाणे झालेले असता. मी मळ्यात खुर्ची टाकली, कॉलर माइक त्याच्या शर्टाला लावला आणि विचारलं, बुवांकडे का नेलंस?

"डॉक्टरांनी फाईल बघून 'काढावं लागंल' म्हटलं, तोवर पुढचा पेशंट आत. बुवा ताईशी अर्धा तास बोलला. पिकाचं, घरचं, तुझ्या लग्नाचं." मग म्हणाला, "आणि दर बाटलीतला पहिला घोट मी घ्यायचो. कडू जहर. म्हटलं, काय व्हायचंय ते आधी मला होऊ दे."

पुढचा प्रश्न मला सुचला नाही. तो म्हणाला, "लाईट हाय तोवर मोटर चालू करून येतो," आणि माइक शर्टावर तसाच घेऊन विहिरीकडे गेला. माझ्या कानाला हेडफोन. मामा मोटरला शिव्या देत होता, मग रडत होता, मग परत शिव्या. हेडफोन काढायला हवा होता. नाही काढला. दुसऱ्या दिवशी त्याला सगळं ऐकवलं आणि म्हटलं, हे पुसून टाकतो. तो म्हणाला, "शिव्या काढ. बाकीचं राहू दे." आवाज हा माहितीपटाचा अर्धा जीव असतो असं शिबिरांत सांगतात. तो चोरीचाही असू शकतो, हे कोणी सांगत नाही.

जाहीर प्रदर्शनाला माहितीपटालाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, महोत्सवांना सूट मिळू शकते. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची फुकटची आवृत्ती मला पुरली. फुटेजच्या तीन प्रती ठेवा, एक दुसऱ्या घरी.

पहिल्यांदा फिल्म दाखवली ती तालुक्याच्या वाचनालयात, साठेक माणसं होती. दिवे लागल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ पुढे आले आणि हळूच म्हणाले, "या बुवांचा पत्ता मिळेल का?" बायकोला तोच आजार. पंचावन्न मिनिटं बघून त्यांच्या लक्षात राहिला होता तो बुवांचा अर्धा तास. चूक माझी होती. बुवा पाला निवडतानाचे माझे शॉट इतके सुंदर होते, सकाळचं ऊन, धूर, ओली पानं, की आकडा आला तेव्हा कोणी ऐकतच नव्हतं. घरी येऊन पुन्हा एडिटला बसलो. पाल्याचे शॉट निम्मे केले, आणि येलचा आकडा पाट्यावर पाला वाटला जातोय त्याच आवाजावर घेतला.

त्या गृहस्थांना पत्ता दिला नाही. फाईल मागितली, बायोप्सीची तारीख बघितली. तीन आठवडे झाले होते. मिरजेच्या कॅन्सर ओपीडीचे वार एका चिठ्ठीवर लिहून दिले आणि म्हटलं, सोमवारी मीच येतो, तिथं बोलायला वेळ लागेल.