बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा माग कसा काढावा

सातारा-कोकणातल्या कित्येक घरांत पहिल्या महायुद्धाबद्दल एवढंच ठाऊक असतं: पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईला’, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले, ते परत आले नाहीत. फोटो नाही, पत्र नाही. तरी माग निघतो.

आधी घरातली ट्रंक उपसा. मेडल मिळालं, तर त्यावरचा राजा सोडा, कड बघा. तिथे नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. नंबर पलटणीसकट उतरवा. नुसत्या नंबराला अर्थ नाही. मेडल चांदीचं म्हणून कधीच मोडलं असेल, तर तहसील कचेरीत जुने फेरफार मागा. जमीन वारसांच्या नावावर कधी चढली, त्यावरून बायकोचं, भावाचं नाव कळतं. जमीनच नसेल, तर कोतवाल बुकातली जन्माची नोंद.

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या शिपायांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर शोधा. फुकट आहे, पण चिकाटी लागते. कारकुनाने कानावर पडलं तसं नाव इंग्रजीत लिहिलंय आणि आडनाव अनेकदा गाळलंय. म्हणून नावामागे न लागता पलटण आणि गाव धरा. तेव्हा मराठ्यांच्या पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा होत्या. १९१७ मध्ये १११ महार उभी राहिली. १९२२ ला हे आकडे बदलले. जिल्हेही जुनेच टाका: रायगडला कुलाबा, सिंधुदुर्गाला रत्नागिरी.

नोंदीत बसरा स्मारक (ज्यांची कबर ठाऊक नाही, त्यांच्यासाठीचं) आलं, तरी तिथे पणजोबांचं नाव कोरलेलं असेल असं समजू नका. गोऱ्या शिपायांची नावं दगडावर आली, हिंदी शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. अशा भेदभावाबद्दल कमिशनने २०२१ मध्ये माफी मागितली. उशिराच म्हणायची.

मृत्यूची तारीख नीट वाचा. २२ नोव्हेंबर १९१५ च्या आसपासची असेल, तर ती बगदादजवळची टेसिफोनची लढाई. १०३, ११० आणि ११७ तिन्ही तिथे होत्या. पुढे त्या इराकमधल्याच कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं, त्यामुळे यांपैकी एखाद्या पलटणीचा माणूस त्यानंतर गेला असेल, तर तो तुर्कांच्या कैदेत वारला असण्याची शक्यता मोठी. लढाईच्या दिवसांची हकीकत पलटणीच्या युद्ध-डायरीत मिळते. या डायऱ्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत आहेत. साध्या शिपायाचं नाव त्यांत क्वचितच येतं.

कुठल्याच पलटणीत सापडले नाहीत, तर खेचरं हाकणारे, भिस्ती, हमाल यांच्या तुकड्याही तपासा. गावात त्यांनाही ‘पलटणीत गेला’ असंच म्हणत.