लहानपणी डोक्याला किरणोपचार झाले असतील, तर तपासणीला निघण्यापूर्वी

अशा किरणोपचारांनंतर बऱ्याच वर्षांनी मेंदूत नवी गाठ होऊ शकते; ही तपासणी तिच्यासाठी. ओळखपत्र, चालू औषधांची चिठ्ठी आणि सोबत एक माणूस, हे सांगावे लागू नये. सांगायचे आहे ते किरणोपचारांच्या सारांशाविषयी, कारण मागच्या खेपेला नेमका तोच जवळ नव्हता. डिस्चार्ज कार्ड म्हणजे सारांश नव्हे. त्यावर बहुधा ‘डोक्याला किरणोपचार दिले’ एवढीच ओळ असते आणि तिच्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. एकूण मात्रा किती ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), ती किती वेळा विभागून दिली, मेंदूच्या कोणत्या भागावर आणि कोणत्या वर्षी, हे सारे किरणोपचार विभागाकडून लेखी मागून घ्यावे, आणि तेही बरेच आधी, कारण जुन्या नोंदी एका दिवसात सापडत नाहीत. रक्ताच्या कर्करोगात, तो मेंदूत पसरू नये म्हणून, मिळालेले १८ ग्रे आणि मेड्युलोब्लास्टोमात (लहान मुलांच्या मेंदूतला एक कर्करोग) गाठीच्या जागी मिळालेले ५४ ग्रे यांना एकाच मापाने तोलता येत नाही. मात्रेबरोबर मेनिंजिओमाचा, म्हणजे मेंदूच्या आवरणातल्या गाठीचा, धोका चढत जातो.

वर्षही गाळू नये. उत्तर अमेरिकेत १९७० ते १९८६ या काळात कर्करोगाचे निदान झालेल्या मुलांच्या मोठ्या पाहणीत मूळ निदानापासून ग्लायोमापर्यंतचा (मेंदूच्या आतल्या पेशींची गाठ) मध्यक काळ ९ वर्षे, तर मेनिंजिओमापर्यंतचा १७ वर्षे निघाला. ‘पाच वर्षे उलटली, सुटलो’ हा हिशेब इथे चालत नाही.

जुन्या एमआरआयचा नुसता अहवाल नेऊ नये, चित्रांची सीडी न्यावी आणि ती उघडते का हे घरीच पाहावे. किरणोपचारांनंतर मेंदूत रक्तवाहिन्यांचे बहुधा निरुपद्रवी गुच्छही उमटतात. जुने चित्र नसेल तर नवा ठिपका कोणता हे कळायचे कसे? आणि सारांश नसेल, तर तो ठिपका किरणांच्या क्षेत्रात होता की बाहेर, हेही कळत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, सारांश.

सकाळची डोकेदुखी, उलटी, झटका, अंधुक दिसणे, स्वभावातला बदल हे तारखांसह लिहावे; स्वभावाचे घरच्यांना विचारावे, रुग्णाला ते जाणवतेच असे नाही. बाहेरून जुळवता येणारा शंट (मेंदूतले जादा पाणी काढणारी नळी) असल्यास एमआरआयपूर्वी सांगावे आणि नंतर त्याची जुळवणी तपासून घ्यावी. लक्षणे नसताना नियमित एमआरआय करावा का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही; हट्ट न धरता विचारावे. संप्रेरके आणि डोळे यांच्या तपासणीची वेळ वेगळी घ्यावी. अहवाल कोण देणार आणि कधी, हे निघण्यापूर्वी लिहून घ्यावे.