नवा फोन, पण संध्याकाळीच बॅटरी लाल

पहिले दोन-तीन दिवस बॅटरी भराभर उतरतेच; जुने फोटो, ॲप्स मागच्या मागे डाउनलोड होत असतात. तेवढ्यावरून दुकानदाराशी भांडू नये.

आठवड्यानंतरही तेच? मग सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'सिम स्टेटस' उघडा. सिग्नल उणे ११० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) खाली, म्हणजे उणे ११५, १२० असा कमकुवत असेल, तर टॉवर धरून ठेवण्यातच फोन दमतो. साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कासकडे निघालं, डोंगर आड आला की हेच. त्यात ५जी-४जी अशी उड्या मारणं सुरू झालं तर फोन खिशातच कोमट लागतो. मोबाईल नेटवर्कमध्ये ५जी काढून ४जी ठेवलं, निम्मं दुखणं तिथंच गेलं. रेंज नसलेलं दुसरं सिमही बंद केलं. स्क्रीनचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र ताजं होतं तो) १२० हर्ट्झवरून ६०वर आणला, फरक थोडाच. बॅटरी वाचवणारी ॲप्स मात्र टाकू नका, तीच बॅटरी खातात.