लसीच्या रांगेत बंदुकीचं विचारायचं कसं

दीड वर्षाच्या बूस्टरला मूल येतं, तेव्हा ते दिसेल त्यावर चढायला लागलेलं असतं. घरातल्या बंदुकीचं मी तेव्हाच विचारते. ठाण्यात कुणाच्या घरी बंदूक, असं वाटेल. पण आमच्या ओपीडीत वागळे इस्टेटकडून येणाऱ्यांत बँकेचे गनमन, निवृत्त फौजी, पोलीस असतात.

एकदम विचारलंत तर माणूस बिचकतो, त्याला चौकशी वाटते. आधी फिनेल, उंदराचं औषध कुठे ठेवता ते विचारा. मग त्याच सुरात, "बंदूक घरी असते का? कुठे ठेवता?" परवान्याचा विषय काढू नका. आईबाप दोघंही समोर हवेत. एक गनमन म्हणाले, "सिस्टर, माळ्यावर असते, पोरांचा हात पोचत नाही." बायको लगेच म्हणाली, "थोरल्यानं परवा पिंपावर चढून पापडाचा डबा काढला की." ते गप्प झाले. पुढचं त्यांनी नीट ऐकलं.

सांगायचं ते असं: बंदूक रिकामी करून लोखंडी कपाटात कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. चाव्या अंगावर, देवाच्या फोटोमागची जागा पोरांना आधी कळते. पिस्तूल असेल तर मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा कप्पा, काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते, हे आवर्जून सांगा.

"पोराला बजावलंय, तो हात लावत नाही," हे हमखास ऐकाल. अमेरिकेत 2001 साली छापलेल्या एका अभ्यासात 8 ते 12 वर्षांच्या मुलांना पिस्तूल लपवलेल्या खोलीत सोडलं होतं. बहुतेक गटांना ते सापडलं, अनेकांनी हाताळलं, काहींनी चापही ओढला. हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांना आधी समज दिलेली होती. म्हणून मी मुलाला नाही, बापाला सांगते.

एअरगनचंही विचारा. लोक तिला खेळणं समजतात, पण छर्रा डोळ्यात गेला तर नजर जाते.

वयात आलेलं मूल गप्प गप्प असेल, जेवत नसेल, निकालाला घाबरत असेल, तर कुलपावर भरवसा नको. निवडणुकीत बंदूक जमा करतात तशी काही दिवस घराबाहेर ठेवता येईल का, हे पोलीस ठाण्यात विचारायला सांगा, आणि मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

केसपेपरवर नुसतं 'घर सुरक्षा' लिहा, पुढच्या खेपेला पुन्हा विचारा. ते गनमन धाकटीला घेऊन परत आले, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सदरा वर करून करदोट्याला बांधलेली चावी दाखवली.